विद्याधन आणि आपला मुलूख
(मठाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



'ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था आणि आपला देश' या विषयावर मी बोलावे असे कार्यवाहांनी मला सांगितले, तेव्हा माझा काही काळ गोंधळच उडाला. मी पाठशाळेत मुलांना व्याकरण शिकविणारा मनुष्य. अर्थशास्त्राशी माझा संबंध येतो तो महिनाअखेरीस, वाण्याचा हिशेब चुकता करताना. परंतु विषयाच्या नावात प्रथम ज्ञान आहे आणि मग अर्थ आहे, हे पाहून थोडा धीर आला.

या लांबलचक शब्दाचा अर्थ मला निपाणीहून बेळगावास येणाऱ्या रस्त्यावर उमगला. तो रस्ता आपणा सर्वांच्या पायाखालचा आहे. आरंभी निपाणीच्या तंबाखूच्या वखारी लागतात. 1981 साली याच महामार्गावर तंबाखूचे शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली ठाण मांडून बसले होते. शेवटी गोळीबार झाला, माणसे गेली. ते आंदोलन भावासाठी होते हे सर्वश्रुत आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. माल शेतकऱ्याचा, घाम शेतकऱ्याचा; पण त्या मालाची प्रत कोणती, दूरच्या बाजारात त्यास काय मोल आहे, हे जाणणारा मनुष्य पलीकडच्या बाजूस बसलेला असे. जो जाणतो तो भाव सांगतो, आणि जो जाणत नाही तो ऐकून घेतो.

पुढे संकेश्वर ओलांडले की हत्तरगी येते. तेथील माळावर आज विमानांचे सुटे भाग घडविणारी वसाहत उभी आहे. युरोपात बांधल्या जाणाऱ्या विमानांत आपल्या हुक्केरी तालुक्यात घडलेले भाग बसतात, हे आपल्या आजोबांना सांगितले असते तर त्यांनी आपणास उन्हातून सावलीत नेऊन बसविले असते. बेळगाव शहर ओलांडून खानापूरच्या वाटेस लागले की उद्यमबागच्या फाउंड्र्या आणि त्यापुढे मच्छे येथे 1998 साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ. म्हणजे तंबाखूच्या पानापासून अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंतचा सारा प्रवास एका दिवसात बसने करता येतो.

पण उद्यमबागेत जरा थांबावे. आपल्या मठाचे कित्येक भक्त तेथे कामास आहेत. वाळूचा साचा हाताने चाचपून त्यात ओल किती आहे हे सांगणारा कारागीर मी तेथे पाहिला आहे. त्याची ही विद्या कोणत्याही पोथीत नाही. तो जो भाग ओततो तो बहुधा वजनावर विकला जातो, किलोला इतके रुपये या दराने. त्या भागाचे रेखाचित्र मात्र पुष्कळदा परगावाहून, कधी परदेशाहून आलेले असते; आणि खरी मिळकत त्या कागदाची असते. लोखंड तोलून विकणे ही एक अर्थव्यवस्था, आणि लोखंडास कोणता आकार द्यावा हे जाणणे ही दुसरी. पहिलीतून दुसरीत जाणे, यालाच विद्वान मंडळी ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्थेकडील वाटचाल म्हणतात.

या वाटेवर आपला देश कोठवर आला आहे? नव्या कल्पनांच्या बाबतीत जगातील देशांची जी क्रमवारी दरवर्षी प्रसिद्ध होते, तीत भारत 2015 साली 81 वा होता. 2024 साली 39 वा झाला. आनंदाची गोष्ट आहे. परंतु संशोधनावर आपण किती खर्चतो हे पाहिले तर 2020-21 साली राष्ट्राच्या शंभर रुपये उत्पन्नामागे सुमारे 64 पैसे. दक्षिण कोरिया, आपल्याच बरोबरीचा तरुण देश, तो शंभरामागे पाच रुपयांच्या घरात खर्च करतो. आकडे एवढेच पुरेत.

आपल्या मुलखात ही विद्या नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये. सौंदत्तीकडील गुर्लहोसूर गावी 1869 साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखण्याच्या दृष्टिदोषामुळे ती विद्या सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, आणि तोच विषय शिकवू लागले. पुढे ते बेळगावास आले. 1888 साली तेथे सुरू झालेल्या सायकलींच्या दुकानातून या भावंडांचा उद्योग वाढला. कडबा कापण्याची यंत्रे झाली, लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी भीती त्या काळी शेतकऱ्यांच्या मनात होती. तेव्हा नुसता नांगर घडवून भागले नाही, नांगराचे ज्ञानही शेतकऱ्याच्या बांधावर न्यावे लागले. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेस त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली, आणि औंधच्या राजेसाहेबांनी आश्रय दिल्यावर 1910 साली सारा उद्योग कुंडलच्या माळावर गेला. तेच किर्लोस्करवाडी. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता तेवढा राहिला. आज आपली मुले पदवी हातात पडताच पुण्या-बंगळुरास जातात म्हणून आपण हळहळतो. ही हळहळ शंभर वर्षांहून जुनी आहे.

या नांगराची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम काही काळ भाऊराव पाटील यांनी केले. कुंभोजचा हा पुरुष नांगर घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडला, शेतकऱ्याचे दैन्य त्याने उंबऱ्यात बसून पाहिले, आणि 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. आपल्या बेळगावातही 1916 साली सात शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्थेचा पाया घातला. तिची महाविद्यालये आणि रुग्णालय आपण रोज पाहतो. यांपैकी कोणापाशी खजिना नव्हता.

आता मी माझ्या पाठशाळेकडे येतो, कारण मला खरे बोलावयाचे आहे ते याविषयी.

सुमारे दहा वर्षांपूर्वी एक शेतकरी भक्त दर्शनास आले. त्यांच्या बैलाच्या खांद्यास जोखडाने जखम झाली होती. हळदीचा लेप कशात कालवावा, किती दिवस लावावा, हे त्यांना पोथीतून जाणून घ्यावयाचे होते. मी मोठ्या उत्साहाने कपाट उघडले, पोथी सोडली आणि खणखणीत स्वरात श्लोक म्हटला. ते हात जोडून शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "शास्त्रीबुवा, बैलाचं राहू दे, मला तरी कळंल असं सांगा की." मला ते सांगता आले नाही. शब्दांची विभक्ती मी सांगू शकत होतो. त्या श्लोकातील एका वनस्पतीचे आपल्या बोलीतील नाव मला ठाऊक नव्हते, आणि मापाचा अर्थही लागत नव्हता. ते नमस्कार करून निघून गेले. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

त्यानंतर हळदीच्या एका खटल्याची हकीकत माझ्या वाचनात आली, आणि माझी लाज अधिकच वाढली. 1995 साली अमेरिकेत, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या कृतीवर एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले. सांगलीच्या पेठेत हळदीच्या राशी पाहणाऱ्या आपणास हे ऐकून हसू येईल. परंतु आपल्या आजीने लेप लावला होता ही साक्ष तेथे चालत नव्हती. परदेशातील नुसता वापर त्यांच्या कायद्यास पुरेसा नव्हता, छापील आधार हवा होता. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते एकस्व आव्हानिले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल हे त्यांचे गाव. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील आधार, तसेच 1953 साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेख, असे पुरावे मांडले गेले, आणि 1997 साली ते एकस्व रद्द झाले.

पुढे 2001 साली शासनाने पारंपरिक ज्ञानाचे एक संगणकीय भांडार उभारण्यास आरंभ केला. संस्कृत, तमिळ, अरबी, फारसी, उर्दू ग्रंथांतील औषधयोग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडून ते परदेशच्या एकस्व कार्यालयांना पाहावयास दिले. म्हणजे ज्या विद्येस लोक 'आता तिचा काय उपयोग' असे म्हणत होते, तिच्या जाणकारांना संगणकाशेजारी बसावे लागले.

येथे कोणी म्हणेल, आणि आपल्या मठातच एका वृद्ध आचार्यांनी मला म्हटलेही, की विद्या दिल्याने वाढते. तिची मालकी आणि बाजार यांत आपण कशाला पडावे? त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. विद्येस कुंपण घालणे मलाही रुचत नाही. परंतु आपण जी कपाटात बांधून ठेवली होती ती विद्या आपण कोणास दिली होती? मी त्या शेतकऱ्यास दिली नाही. उद्यमबागेतील त्या कारागिराची विद्या त्याच्या मुलापर्यंतही पोहोचेल की नाही, ठाऊक नाही. हळदीच्या बाबतीत तर उलटेच घडले: आपल्या लोकांनी तिच्यावर मालकी सांगितली नाही, ती सर्वांची आहे एवढेच सिद्ध केले, आणि तेही लिहिलेले होते म्हणून.

या मुलखात मराठी आणि कन्नड एकाच ओसरीवर बोलल्या जातात. हा स्मृतिग्रंथही त्यामुळेच दोन भाषांत निघत आहे. एकाच झाडपाल्याचे नाव चिकोडीस एक आणि खानापूरच्या रानात दुसरे. पंडितास संस्कृत नाव येते, वैदूस झाड ओळखता येते, आणि त्या दोघांची गाठ क्वचित पडते.

म्हणून गेल्या चातुर्मासापासून पाठशाळेत एक लहानसा उपक्रम आरंभला आहे. दर गुरुवारी दुपारी मी पोथी घेऊन बसतो. एक वैद्य येतात. रानातील झाडपाला जाणणाऱ्या एक आजी येतात. आणि अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आपला संगणक घेऊन येतो. श्लोक, त्याचा मराठी आणि कन्नड अर्थ, वनस्पतीची दोन्ही भाषांतील नावे आणि तिचे छायाचित्र, असे एकेक पान तयार होते. आजींनी आतापर्यंत माझ्या चार चुका काढल्या आहेत. काम फार सावकाश चालते; एका पोथीची अजून अर्धी पानेही झालेली नाहीत. ज्या श्लोकापाशी मी अडलो होतो तो मात्र पहिल्याच महिन्यात लागला, आणि त्याचा कागद मी त्या शेतकऱ्याच्या घरी पोहोचविला. बैल केव्हाच बरा होऊन विकला गेला होता. कागद त्यांनी देवघरात ठेवला, तो मी काढून गोठ्याच्या भिंतीवर लावावयास सांगितला.

आपणास माझी एक विनंती आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर कापडात बांधलेली पोथी, वैद्याची वही किंवा कारखान्यातील जुनी टिपणे असतील, त्यांनी ती गुरुवारी तीन वाजल्यानंतर पाठशाळेत आणावीत. मोडी असो, कन्नड असो, बालबोध असो. आम्ही ठेवून घेणार नाही. छायाचित्रे घेऊन त्याच दिवशी परत करू. पोथी ओली असल्यास कृपा करून उन्हात घालू नये, तशीच आणावी.