यंत्राला जात असते काय?

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मेळाव्यात मँचेस्टर येथे दिलेले व्याख्यान)



तंत्रज्ञान, संस्कृती आणि समाज यांच्या परस्परसंबंधावर बोलावे, असा संयोजकांचा आग्रह आहे. विषय इतका विस्तीर्ण आहे की वक्ता त्यात हवेत तरंगू लागण्याचा धोका असतो. म्हणून मी हाती एकच वस्तू घेणार आहे. ती वस्तू म्हणजे मागावरचा धोटा. आज आपण ज्या परिसरात जमलो आहोत त्याची भरभराट एकेकाळी या धोट्यावर झाली. आणि आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे कोकणातून, देशावरून पोट भरण्यासाठी ज्या मुंबईत आले, त्या मुंबईचीही.

यंत्र आले की जात जाईल, हा विश्वास फार जुना आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कार्ल मार्क्सचा हिंदुस्थानवरील एक लेख न्यूयॉर्कच्या दैनिकात प्रसिद्ध झाला. मार्क्स तेव्हा लंडनमध्ये राहत होता. रेल्वेच्या मागोमाग आधुनिक उद्योगधंदे येतील आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जाती उभ्या आहेत ती विरघळून जाईल, असे भाकीत त्याने त्यात केले होते. हे भाकीत सर्वस्वी खोटे ठरले असे म्हणणे अन्यायाचे होईल. रेल्वे, गोदी आणि गिरणी नसती तर आपल्या वाडवडिलांना वतनाची बेडी तोडून गावकुसाबाहेरच्या वस्तीतून निघता आलेच नसते. शहराच्या गर्दीत माणूस निदान काही तास तरी निनावी राहू शकत होता, हा लाभ क्षुल्लक नव्हता. परंतु गिरणीच्या दरवाजातून आत गेल्यावर काय झाले, ते मार्क्सला लंडनहून दिसणे शक्य नव्हते.

गिरणीत अस्पृश्य कामगाराला सूत कातण्याच्या खात्यात जागा मिळे. विणकाम खात्यात, ज्याला गिरणगावात साचाखाते म्हणत, तेथे मात्र मज्जाव. आणि मजुरी अधिक ती विणकाम खात्यातच. या मज्जावाचे कारण म्हणून जे पुढे केले जाई ते ऐकण्यासारखे आहे. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर नवी कांडी घालतो, आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या कडेच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागते. जुन्या धोट्यात हे काम तोंडाने होई. छिद्राला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सुताचे टोक तोंडात येई आणि त्याबरोबर कापसाची भुकटीही. एकच धोटा आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या ओठांना लागणार. ज्या धोट्याला अस्पृश्याची लाळ लागली तो आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे होते. वाफेवर चालणाऱ्या, विलायतेहून आणलेल्या यंत्राच्या एका बारीक छिद्रातून मनुस्मृती आत शिरली होती!

परमपूज्य बाबासाहेब परळच्या बी. आय. टी. चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारात अनेक वर्षे राहिले. हे दुःख त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा प्रचंड संप झाला. गिरण्यांतील सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी तुम्ही मान्य केली नाही, तर आमच्या लोकांना संपापासून परावृत्त करीन, असे बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले. तेव्हा कुठे, आणि तेही मोठ्या नाखुशीने, ती मागणी घेतली गेली. भांडवलशाहीविरुद्ध लढायला निघालेल्या माणसांना आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाची लाळ चालत नव्हती, ही गोष्ट कामगार चळवळीच्या इतिहासात ठळकपणे लिहिली गेली पाहिजे. मालकांना तर हात झटकणे सोपेच होते. हा अन्याय काही आम्ही केलेला नाही, असे ते म्हणू शकत होते.

आता याच धोट्याकडे इथून पाहू. लँकेशायरच्या स्त्री-पुरुष विणकरांच्या बोलीत या क्रियेला धोट्याचे चुंबन म्हणत. येथेही एक धोटा अनेकांच्या तोंडी जाई. येथेही त्याविरुद्ध तक्रारी झाल्या. पण त्या क्षयासारखे रोग पसरण्याच्या, दात किडण्याच्या, छातीत कापूस जाण्याच्या होत्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायद्याने या धोट्यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये ती व्हायला १९५२ साल उजाडले, म्हणजे प्रगत म्हणवणाऱ्या या देशातही मजुराच्या फुप्फुसांची कोणाला घाई नव्हती. तरीही भेद ध्यानात घ्या. लाकडाचा तुकडा तोच, छिद्र तेच, ओठ माणसाचेच. इथे त्या छिद्रातून रोगजंतू जातील अशी भीती होती. तिकडे विटाळ जाईल अशी. यंत्र ज्या समाजात येते त्या समाजाचे भय ते अंगावर घेते.

आणखी एक गोष्ट सांगतो. शेजारच्या यॉर्कशायरमध्ये, कीथली गावी जन्मलेल्या जेम्स हेन्री नॉर्थ्रॉप नावाच्या तंत्रज्ञाने अमेरिकेत जाऊन १८९० च्या दशकात स्वयंचलित माग तयार केला. कांडी आपोआप बदलावी आणि सूत धोट्यात आपोआप ओवले जावे, अशी त्यात योजना होती. तोंड लावण्याची गरजच संपली. म्हणजे १९२८ च्या संपापूर्वी तीस वर्षे, विटाळाची सबब निकालात काढणारे यंत्र जगाच्या बाजारात उपलब्ध होते. मुंबईच्या मालकांनी ते फारसे आणले नाही, कारण माणूस यंत्राहून स्वस्त होता. सुताचे टोक ओढण्यासाठी साधा आकडा वापरता आला असता, त्यासाठी तर अमेरिकेलाही जाण्याची गरज नव्हती. पण अडचण मुळात सुताची नव्हतीच, हे आपण सगळे जाणतो.

मनमाड येथे फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ते वाक्य आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. त्याच भाषणात त्यांनी दिलेला रेल्वेचा तपशील मात्र कोणी सांगत नाही. अस्पृश्य माणूस रुळांवर गँगमन म्हणून आयुष्य काढतो; त्याला साधा पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागतात. मार्क्सने ज्या रेल्वेवर भरवसा ठेवला होता, तिची ही पंचाऐंशी वर्षांनंतरची अवस्था होती.

इतके सोसूनही बाबासाहेबांनी यंत्राला शाप दिला नाही. मला त्यांच्या विचारांतील हा भाग अतिशय मोलाचा वाटतो. चरखा आणि खेडे यांकडे परत चला, असा उपदेश देशभर चालू असताना, १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी स्पष्ट सांगितले की दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे. पशूचे जीवन पोट भरण्यात संपते. माणसाला संस्कृती हवी, संस्कृतीला फुरसत हवी, आणि कष्टकऱ्याला फुरसत देऊ शकेल असे यंत्राखेरीज काही नाही. ज्यांच्यासाठी इतर लोक राबत होते त्यांना यंत्राची निंदा परवडत होती. डोक्यावर मैला वाहणाऱ्याला ती परवडणारी नव्हती. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना विजेचा प्रश्न, दामोदर खोऱ्याची योजना, तंत्रशिक्षण यांत त्यांनी जे लक्ष घातले त्यामागे हीच दृष्टी होती.

डोक्यावरच्या मैल्याचा उल्लेख आला, म्हणून सांगतो. हाताने मैला उचलण्याविरुद्ध भारतात १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गटारात उतरून मरण पावणाऱ्याच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असे त्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे अजून मरत आहेत. गटार उपसणारी यंत्रे आहेत. केरळात तर त्यासाठी यंत्रमानवही तयार झाला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ज्या देशाचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, त्या देशाला मेनहोलमध्ये उतरणारे यंत्र गल्लोगल्ली नेता येत नाही असे कोण म्हणेल? नॉर्थ्रॉपच्या मागाची कथा येथे पुन्हा घडते आहे.

याची दुसरी बाजूही आहे आणि तीही आपलीच आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. छपाईचे यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असले की काय होते, हे बाबासाहेबांनी त्या दिवशी अनुभवले. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ आणि स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा राहिला. नंतरच्या काळात कॅसेट आली, आणि आपल्या शाहिरांचा आवाज जयंतीच्या मांडवातून थेट घराघरात गेला. येथे येणाऱ्यांच्या बॅगांत लोणच्याच्या बरणीशेजारी त्या कॅसेटी असत. संगीताच्या दरबारात ज्यांना कोणी बसू दिले नसते, त्यांना शंभर-दीडशे रुपयांच्या टेपरेकॉर्डरने श्रोते मिळवून दिले. (किंमत मी अंदाजाने सांगतो, आमच्या वस्तीत तो बहुधा सेकंडहँडच येई.)

आपली मुले आज या देशात संगणकाच्या क्षेत्रात आहेत. आता कुठे राहिली जात, असे ती विचारतात, आणि त्यांनी तसे विचारावे यासाठीच आपण समुद्र ओलांडला. पण विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर जातीचा रकाना आहे, आणि तो रकाना कोणा तरी शिकलेल्या अभियंत्याने तयार केला आहे. जी संगणकप्रणाली माणसांचे लिखाण वाचून शिकते, ती त्या लिखाणातील आडनावांचा वासही शिकणार. येथील २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला गेला, २०१३ साली संसदेने ते कर्तव्य ठरवले, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने तो विषय न्यायालयांच्या निकालांवर सोडून दिला. त्यामुळे कार्यालयात सहज म्हणून कोणी तुमचे मूळ गाव, आडनाव, आहार विचारू लागला, तर तो प्रश्न कुठे जातो आहे हे आपल्या मुलांना कळले पाहिजे. आणि यंत्राचा आराखडा ज्या टेबलावर ठरतो तेथे त्यांची खुर्ची असली पाहिजे. साचाखात्याचे दार आता त्या टेबलापाशी आहे.

अखेरीस संस्थेपुढे दोन सूचना ठेवतो. आपल्या सभासदांत अशी काही वयोवृद्ध मंडळी आहेत, ज्यांनी किंवा ज्यांच्या वडिलांनी मुंबईच्या गिरण्यांत काम केले. १९८२ च्या संपानंतर ते गिरणगाव राहिले नाही. दादरच्या इंदू मिलच्या जमिनीवर तर ११ ऑक्टोबर २०१५ रोजी बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले. कोण कोणत्या खात्यात होते, पिण्याच्या पाण्याची सोय कशी होती, डबा कोठे बसून खात, हे त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून घ्यावे. इच्छुकांनी आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत.

दुसरी सूचना मुलांसाठी. येथून जवळच स्टायल गावी क्वारी बँक ही १७८४ साली सुरू झालेली कापड गिरणी जतन केलेली आहे. येत्या उन्हाळ्याची सहल तेथे न्यावी. ती उभारणाऱ्या ग्रेग घराण्याचे वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे होते, हेही मुलांना सांगावे. तेथे माग चालवून दाखवतात. मुलांना धोटा जवळून पाहू द्यावा आणि ते छिद्र कशासाठी आहे, असे त्यांनी विचारले की घरातल्या आजी-आजोबांनी उत्तर द्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!