नितळ पाण्यातला डास
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



उत्सवात तापाचा विषय काढतो आहे, पण भाद्रपदाचे दिवस हिवतापाचेही असतात. मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो. हातपंप, टाक्या, नाल्या हेच माझे काम.

आपल्या धार-देवासच्या घरांत एक समज पक्का आहे. मलेरिया म्हणजे खेड्यातल्या घाणीचा रोग. आपण स्वच्छ, आपल्याला काय! पण गटारातला डास बहुधा क्युलेक्स असतो. तो झोप मोडतो, हत्तीरोगही पसरवतो, पण मलेरिया पसरवत नाही. मलेरियाच्या ॲनाफिलीस मादीला नितळ पाणी आवडते. खेड्यात डबकी, ओढ्याच्या कडा. शहरात गच्चीवरची उघडी टाकी, हौद. रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटात हा जंतू पाहिला 1897 मध्ये, आणि आपण अजून गटाराकडेच बोट दाखवतो. फुटक्या झाकणाची टाकी फलियातल्या झोपडीवर असो की आपल्या बंगल्यावर, डासाला फरक पडत नाही.

निसरपुर आपल्या जिल्ह्यातले, कुक्षीकडचे. सप्टेंबर 2019 मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदाच 138.68 मीटरपर्यंत भरले आणि जुने निसरपुर बुडाले. लोक नव्या वसाहतीत गेले. जलाशयाचे खोल पाणी डासाला सोयीचे नसते. वारा, लाटा, मासे अळीला टिकू देत नाहीत. धोका काठाला. पाणी ओसरले की खड्ड्यांत, गुरांच्या खुरांच्या ठशांत ते साचून राहते. शिवाय जिथे नळाचा भरवसा नाही, तिथे घरची बाई पिंपे भरून ठेवणारच. तिला नावे ठेवून काय होणार? तिला घट्ट झाकण द्या, नाहीतर जुने लुगडे दुहेरी करून तोंडाला बांधायला सांगा.

उन्हाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची. बाजाराचा दिवस ठरवला की विसर पडत नाही. कूलर, हौद नुसता उपसू नका, कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडांना चिकटून राहतात. अळी ओळखायची तर बॅटरी लावा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली दिसली तर ॲनाफिलीस. डोके खाली करून लोंबकळणारी दुसऱ्या जातीची. दोन्ही नकोतच!

हातपंपाच्या ओट्याचे सांडपाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या. मीटरभर खोल, तळाला विटांचे मोठे तुकडे, वर बारीक. खड्डा करणे सोपे. वर्षा-दोन वर्षांनी गाळ काढायला मात्र कोणी येत नाही. हे मी पुष्कळ गावांत पाहिले आहे.

थंडी वाजून ताप आला तर आधी रक्त तपासा. आशा कार्यकर्तीकडे किट असते. व्हायवॅक्स निघाला तर ताप तिसऱ्या दिवशी उतरला तरी यकृतात जंतू दडून राहतात, म्हणून डॉक्टर चौदा दिवसांच्या गोळ्या देतात. पुष्कळ लोक त्या मध्येच सोडतात, आणि दोन-चार महिन्यांनी तोच ताप परत येतो.

जाता जाता एक काम. मंडपामागे विसर्जनासाठी हौद भरला आहे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी माती विरघळली की तो उपसायचा आहे. सकाळी सात वाजता, बादल्या घेऊन या. चार-सहा जण पुरेत.