इमारत शिकविणारे गुरुजन
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात फूलबाग येथे दिलेले व्याख्यान)



उत्सवाच्या दिवशी बोलणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत, असे आमचे वडील सांगत. यजमानांची तोंडावर स्तुती करू नये आणि पंगतीची वेळ टळू देऊ नये. मी दोन्ही पाळीन. आपल्या मंडळाने मला बोलावले ह्याबद्दल ऋण व्यक्त करतो आणि विषयाकडे वळतो.

विषय थोडा रुक्ष वाटेल. वास्तुविद्येचे आणि इमारतीच्या शास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यालयांत कोण शिकवतात आणि त्यांना काय ठाऊक असते, हा तो विषय. परंतु तो आपल्याला परका नाही. आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे ह्या शिक्षणासाठी अर्ज येतात. शिवाय आपल्या जुन्या छात्रालयाचे पटियांचे छत उतरवून तेथे सिमेंटचा स्लॅब घालावा, असा विचार चालू आहे. ह्या दोन्ही गोष्टींशी माझ्या विषयाचा संबंध आहे.

आपण बसलो आहोत त्या फूलबागेकडेच पाहा. मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज एकमेकांच्या शेजारी आहेत. पलीकडे मोतीमहाल आहे. जवळच जयविलास महाल आहे. तो 1874 साली मायकेल फिलोझ ह्यांच्या आराखड्याप्रमाणे जयाजीराव महाराजांनी बांधविला. दरबार हॉलमधील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची. ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी त्यावर हत्ती चढविले, ही कथा ग्वाल्हेरच्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. हत्ती किती, ह्यावर घराघरांत मतभेद आहेत. पण कथेतले तत्त्व मला मोलाचे वाटते. टांगायचे ते टांगण्याआधी छताला विचारून घ्या! इमारतीच्या शास्त्राचा पाया ह्या एका वाक्यात आहे. फरक एवढाच, की हत्ती फक्त भाराचे उत्तर देतो. उन्हाचे, हवेचे, उजेडाचे, आवाजाचे उत्तर हत्ती देऊ शकत नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

हे मी कसे शिकलो ते सांगतो. त्यात माझीच फजिती आहे. मी स्थापत्य अभियंता. 1981 साली लष्करातल्या आमच्या घरावर मी मोठ्या हौसेने वरची खोली चढविली. साडेचार इंची स्लॅब, नऊ इंची विटेची भिंत, पश्चिमेला मोठी खिडक्यांची रांग. लोखंड किती, सिमेंट किती, ह्याचा हिशेब चोख होता. आई त्या खोलीत राहायला गेली. मे महिना आला, लू सुरू झाली, आणि चौथ्या रात्री आई उशी घेऊन खाली ओसरीत आली. म्हणाली, "अरे, तू इंजिनीअर ना? मग ही खोली रात्री तव्यासारखी का रे तापते?"

मला उत्तर देता आले नाही. माझ्या शिक्षणात छत पडू नये हे शिकविले होते. छताखाली माणसाला झोप लागावी हे शिकविले नव्हते.

पुढे काही वर्षांनी मला एका विद्यापीठात पदव्युत्तर वर्गाच्या अध्यापकांपाशी काही आठवडे बसावयास मिळाले. तेथे उष्णतेचा विषय शिकविणाऱ्या गुरुजींनी माझा प्रश्न फळ्यावर पाच मिनिटांत सोडविला. ते म्हणाले, ऊन भिंतीवर पडले की ते लगेच आत येत नाही. भिंतीच्या जाडीप्रमाणे उशीर लागतो. नऊ इंची विटेला सुमारे पाच-सहा तास. म्हणजे दुपारी चार वाजता पश्चिमेच्या भिंतीवर पडलेले ऊन रात्री नऊ-दहाला, नेमके अंथरूण घालण्याच्या वेळी, आत पोहोचते. पातळ स्लॅबला तीनेक तास. म्हणून दुपारपासूनच छत डोक्यावर शेगडीसारखे. हाताएवढ्या जाड दगडी भिंतीला दहा-बारा तास लागतात. दिवसाचे ऊन आत येईपर्यंत पहाटेचा गारवा बाहेर आलेला असतो. आजोबांच्या वाड्याचे रहस्य हे असे होते.

मग त्यांनी सूर्याचा हिशेब मांडला. ग्वाल्हेर सव्वीस अक्षांशांवर. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, सत्त्याऐंशी अंशांवर असतो. डिसेंबरात तो चाळीस अंशांपर्यंतच चढतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर हातभर छज्जा घातला, की उन्हाळ्याचे ऊन अडते आणि थंडीचे कोवळे ऊन आत येते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येते. तेथे छज्जा हरतो. तेथे ओसरी हवी, जाळी हवी, नाहीतर कडुनिंब हवा. घरी येऊन मी गच्चीवर मातीचा थर देऊन विटा बसविल्या, वरून चुन्याचा पांढरा हात फिरवला, पश्चिमेला वेल चढविला. पुढच्या उन्हाळ्यात आई वर झोपली. माझ्या पदवीपेक्षा त्या दिवशीची तिची झोप मला अधिक मोलाची वाटली.

आपण म्हणाल, मग जाड भिंती बांधाव्यात म्हणजे झाले! मीही तसेच म्हणालो. तेव्हा शेजारच्या खोलीतले दुसरे गुरुजी, रचनेचा विषय शिकविणारे, मला थांबवून म्हणाले, थोडे सबुरीने घ्या. त्यांच्या त्या सबुरीचा अर्थ 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे साऱ्या महाराष्ट्राला कळला. लातूर-उस्मानाबादकडे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच गेली. तेथली घरे जाड दगडी भिंतींचीच होती आणि वर मातीचे जड धाबे होते. परंतु दगड नुसत्या मातीत बसविलेले; भिंतीचे आतले अंग वेगळे, बाहेरचे वेगळे, दोहोंना बांधणारे आरपार लांब दगड नाहीत. धक्का बसताच दोन्ही अंगे फाकली आणि धाबे खाली आले. जी भिंत उन्हापासून राखते तीच नीट न बांधली तर जीव घेते. उष्णतेचा गुरू एकटा पुरत नाही, रचनेचा गुरूही एकटा पुरत नाही.

चांगल्या पदव्युत्तर विद्यालयाची ओळख मी येथेच करतो. तेथे एक जण ऊन-वाऱ्याचे मोजमाप करणारा असतो, एक भार आणि भूकंप जाणणारा, एक उजेड आणि ध्वनी जाणणारा, आणि एक जुन्या वास्तूंची नाडी पाहणारा. ह्या चौघांचे एकमेकांशी भांडण होते आणि विद्यार्थी त्या भांडणातून शहाणा होतो. भांडण नसेल तेथे फक्त व्याख्याने होतात.

गुरूचे ज्ञान कसे पसरते ह्याचे एक उदाहरण देतो. मुंबईच्या जे. जे. विद्यालयात क्लॉड बॅटली हे इंग्रज गृहस्थ 1923 ते 1943 प्राचार्य होते. ते विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय इमारतींपाशी नेत, टेप हातात देत आणि प्रत्येक खांब, प्रत्येक कमान मोजून कागदावर उतरवून घेत. त्यांच्या हाताखाली कोकणातल्या आचऱ्याचा अच्युत कानविंदे हा मुलगा शिकला. पुढे 1945 साली तो सरकारतर्फे अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअस ह्यांच्यापाशी गेला. परत येऊन कानविंद्यांनी कानपूरच्या आय. आय. टी.चा आराखडा केला. आपल्यासारख्याच उष्ण प्रदेशातले ते आवार. तेथे वर्ग आणि प्रयोगशाळा सावलीच्या वाटांनी जोडल्या आहेत. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये त्यांनी अध्यापनही केले. एका गुरूने हातात दिलेली टेप कोठवर पोहोचली पाहा!

आज मुलांना वाटा पुष्कळ आहेत. दिल्लीचे ते विद्यालय आहे. 1952 पासून खरगपूरला वास्तुविद्येचा विभाग आहे. रुडकीला विभाग आहे आणि 1947 साली स्थापन झालेली केंद्रीय भवन संशोधन संस्थाही तेथेच आहे. अहमदाबादचे विद्यालय 1962 चे, भोपाळचे 2008 चे. आपल्या ग्वाल्हेरात 1957 साली सुरू झालेल्या माधव इन्स्टिट्यूटमध्येही वास्तुविद्या शिकवितात. पालकांना माझी विनंती अशी, की प्रवेश घेताना इमारतीची भव्यता आणि पुढची पगाराची रक्कम एवढेच विचारू नका. कोण शिकवतात ते विचारा. त्यांनी स्वतः काय मोजले आहे, कोणत्या इमारती दुरुस्त केल्या आहेत, प्रयोगशाळेतली उपकरणे वापरात आहेत की कपाटात, हे मुलांना पाहून यावयास सांगा.

आता विश्वस्तांना दोन शब्द. छात्रालयाचे छत उतरविण्यापूर्वी एकदा ह्या गुरुजनांना विद्यार्थ्यांसह येथे बोलवा. मे महिन्यात एक आठवडा त्यांना छताखाली, छतावर आणि भिंतींपाशी तापमान मोजू द्या. पटियांना कोठे तडा आहे, भिंतीत आरपार दगड आहेत की नाहीत, ते तपासू द्या. छत धोक्याचे निघाले तर ते अवश्य उतरवा. तेथे माया करू नये, खाली मुले झोपतात. ते टिकण्याजोगे निघाले तर दुरुस्त करा. पण निर्णय मोजून घ्या. आणि शिष्यवृत्तीपैकी निदान एक, दरवर्षी, इमारतीच्या शास्त्रात पुढे शिकणाऱ्या आपल्या मुलीला किंवा मुलाला द्या. अट एकच घाला: शिकून आल्यावर तिने आपल्यातल्या चार घरांची गच्ची पाहून सल्ला द्यावा.

हत्ती चढविण्याचे दिवस गेले. विचारून घेण्याचे दिवस मात्र जावयाचे नाहीत. पंगतीची वेळ झाली आहे.