दावा फेटाळला म्हणजे जमीन गेली का?

 

आजचा विषय जमिनीचा आहे. आजोबा-पणजोबांपासून आपण कसतोय, पण कागदावर मात्र वन खात्याची, अशी जमीन. पालघर, नंदुरबारकडून बऱ्याच जणांचे मेसेज आलेत आणि प्रश्न जवळपास एकच आहे: "दादा, आमचा वनहक्काचा दावा नामंजूर झाला. आता काय?" आज त्यावरच बोलू.

आधी थोडा इतिहास. कंटाळू नका, दोनच मिनिटं. इंग्रजांनी १८६५ मध्ये पहिला वन कायदा केला, १८७८ मध्ये तो कडक केला, आणि १९२७ चा कायदा तर आजही लागू आहे. त्यांना रेल्वेच्या रुळांखाली टाकायला लाकूड हवं होतं. नकाशावर रेघ मारली, आतलं सगळं सरकारी जंगल झालं. त्या रेघेच्या आत वारली, कोकणा, भिल्ल, गोंड, कातकरी राहत होते, नागली-वरई पिकवत होते. ते आपल्याच गावात अतिक्रमणदार ठरले. इंग्रज गेले, तरी हा शिक्का पुसला गेला नाही.

तो पुसायला २००६ उजाडलं. त्या वर्षी संसदेनं वनहक्क कायदा केला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय. आणि कायद्याच्या नावात शब्द आहे 'मान्यता'. म्हणजे काय, तर हक्क आधीपासून तुमचाच आहे, सरकारनं तो फक्त मान्य करायचाय. त्यामुळे कचेरीत जाताना मान खाली घालून जायचं कारण नाही.

आता अटी बघा. जंगलात राहणारे आदिवासी असाल, तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन तुमच्या ताब्यात हवी. आदिवासी नसाल, तर त्याबरोबर तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. जमीन मिळते ती जास्तीत जास्त ४ हेक्टर, म्हणजे साधारण १० एकर. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. तो वारसांना जातो, पण विकता येत नाही.

बहुतेक दावे अडतात ते पुराव्यावर. "कागद आणा" म्हणतात. पण नियम काय सांगतो? जुनं घर, शेताचा बांध, विहीर, पूर्वजांच्या समाधीची जागा, देवाचं ठिकाण, हे सगळे पुरावे आहेत. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा पुरावा आहे, फक्त तो माणूस स्वतः दावेदार नको. यातले एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. सॅटेलाइटचा फोटो मदतीला चालतो, पण बाकीच्या पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही. आणि गंमत ऐका. अतिक्रमण केलं म्हणून आजोबांना जो दंड झाला, त्याची पावती घरात असेल तर ती जपून ठेवा. आजोबा त्या जमिनीवर होते, हे त्या पावतीवर सरकारनंच लिहून दिलंय!

बरं, तरीही दावा फेटाळला तर? तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, दावा का फेटाळला याची कारणं लेखी मिळालीच पाहिजेत. गावात कुणीतरी तोंडी सांगितलं, एवढ्यानं भागत नाही.

दोन, ६० दिवसांत अपील करता येतं. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे, तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून त्याच्याही वर विभागीय समिती आहे.

तीन, पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हटवता येत नाही. कायद्याच्या कलम ४ मध्येच हे लिहिलंय.

हे मी जोर देऊन का सांगतोय? १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला होता. देशभरातल्या लाखो कुटुंबांचा प्रश्न होता. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयानं आदेश स्थगित केला आणि राज्यांना विचारलं, की दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया झाली होती का? म्हणजे सगळी गाडी त्या प्रक्रियेवरच येऊन थांबली.

२०१८ चा मोर्चा आठवतोय? नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी आले, त्यात आदिवासी फार मोठ्या संख्येनं होते. वनहक्क ही त्यांची मुख्य मागणी होती. दहावीच्या पोरांना पेपरला जायला त्रास नको म्हणून ते शेवटच्या रात्री झोपले नाहीत, चालतच आझाद मैदानात पोचले.

आणि हक्क मिळाल्यावर काय होतं, ते गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला विचारा. या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वन खात्याच्याच हातात. गाव भांडलं. शेवटी २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आपल्या बांबूचा व्यवहार गाव स्वतः करू लागलं. म्हणून सांगतो, स्वतःच्या पट्ट्यासोबत गावाचा सामूहिक दावाही भरा. एकट्याचा दावा अडवणं सोपं असतं, अख्ख्या ग्रामसभेचा अवघड.

जाता जाता एक काम देतो. वडीलधाऱ्यांचा जबाब हा पुरावा आहे म्हटलं ना? ही माणसं आता थकलीत. दर पावसाळ्यात एखादं घर असा एक साक्षीदार गमावतं. तुमच्या हातात फोन आहे. या रविवारी शेजारच्या आजीकडे बसा. आमचं शेत कुठून कुठपर्यंत, नांगर पहिल्यांदा कुणी धरला, विहीर कधी खणली, सगळं रेकॉर्ड करा. मग ते कागदावर उतरवा, तिला वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या आणि वनहक्क समितीकडे द्या. पोच मागायला विसरू नका.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हा भाग गावच्या ग्रुपवर नक्की टाका.