डोह आणि तळे : मत्स्यरक्षणाचा एक विचार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



मुरबाड तालुक्यातील सिद्धगड म्हटला की भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या हुतात्म्यांचे स्मरण होते. २ जानेवारी १९४३ रोजी या दोघांनी त्या डोंगरात देह ठेवला. आजचा विषय त्याच परिसरातील ओढ्यांमध्ये राहणाऱ्या मुक्या जलचरांचा आहे.

ज्येष्ठाच्या पहिल्या पावसात या ओढ्यांना पाणी आले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात. ठाणे-रायगडकडे यालाच वलगण म्हणतात. पुढे चैत्र-वैशाखात ओढा आटतो आणि ठिकठिकाणी केवळ डोह उरतात. खंड्या, वंचक, पाणकावळा, दिवड सर्प यांची तेथे गर्दी होते. एवढे शत्रू टपलेले असूनही डोहातील काही मासे पुढच्या पावसापर्यंत जगतात. डोह खोल असतो, काठ उभा कातळाचा असतो, तळाशी कपारी असतात आणि वर जांभूळ-उंबराची सावली असते. शिवाय ओढ्यातील माशाची पाठ काळसर असते. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला ती चटकन दिसत नाही.

आता शहापूर-मुरबाडकडील एखाद्या बागेतील, धर्मशाळेच्या अंगणातील किंवा शेतघरापुढील तळे पाहावे. दीड-दोन फूट खोली, निळ्या फरशा, आत लाल-केशरी मासे आणि डोक्यावर उघडे आकाश. असे तळे म्हणजे खंड्यासाठी वाढून ठेवलेले ताटच होय.

येथे श्रावकाच्या मनात एक रास्त प्रश्न उभा राहतो. मासा पंचेंद्रिय जीव आहे, तसाच खंड्याही आहे. माशाला वाचवताना पक्ष्याच्या तोंडचा घास काढला तर तो अन्नपाननिरोध नव्हे काय? अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोधाची गणना आहे, हे खरे. परंतु त्याच यादीत ‘बंध’ हाही अतिचार आहे. ओढ्यातील माशाला पळायला वाट असते, लपायला कपार असते. तेथील खंड्याच्या आड कोणी येण्याचे कारण नाही. बागेतील मासा माणसाने कोंडलेला आहे. त्याच्या पळण्याची वाट ज्याने बंद केली, त्याच्यावरच त्याला आसरा देण्याची जबाबदारी येते. आणि खंड्याला सारे रान मोकळे आहे. तेव्हा पक्ष्याला दगड मारणे, सर्पाला काठीने ठेचणे हा मार्गच नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला मज्जाव केला आहे. सुधारायचे ते तळे.

तळ्याचा मध्यभाग चार-पाच फूट खोल असावा. वंचक उथळ पाण्यात पाय रोवून उभा राहतो व तेथूनच चोच मारतो. म्हणून काठ उतरता न ठेवता उभा ठेवावा. मात्र चारही बाजू उभ्या केल्यास पाण्यात पडलेली खार, बेडूक, साप यांना वर येता येत नाही आणि ते बुडून मरतात. एका कोपऱ्यात दगडांची अरुंद पायरी किंवा तिरपे लाकूड ठेवले की ही अडचण सुटते. तळाशी जुनी कौले, फुटके माठ, मातीचे नळ रचून ठेवावेत. कमळ किंवा कुमुदिनीच्या पानांनी निम्म्याच्या आसपास पाणी झाकलेले असावे. लहान मुले येणार असतील तेथे कठडा हवाच.

तळ्यावर नायलॉनची बारीक जाळी सैल टाकण्याची पद्धत फार घातक आहे. तिच्यात पक्ष्याचे पाय आणि सापाचे अंग अडकते. जाळी लावायचीच झाली तर जाड दोऱ्याची, ठळक दिसणारी, चौकटीवर ताणून पाण्यापासून हातभर उंच लावावी आणि रोज पाहावी.

खाद्याबाबतही भाविकांनी हात आखडता घ्यावा. कुरमुरे, पाव, बिस्किटे टाकून माशांना वर येण्याची सवय लावली की ते सावली पाहून पळण्याऐवजी सावलीकडे धावतात. मग ती सावली बगळ्याची असली तरी! उरलेले अन्न कुजते, पाण्यातील प्राणवायू घटतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून आ करतात, ते गुदमरल्यामुळे. लोक त्यांना भुकेले समजून आणखी कुरमुरे टाकतात. तळे स्वच्छ करतानाही ते पूर्ण उपसू नये. तलाव कोरडे करणे पंधरा कर्मादानांत का गणले गेले, हे उपसलेल्या तळ्याच्या गाळात तडफडणारे जीव पाहिले की कळते. थोडे-थोडे पाणी बदलावे.

आता सर्वांत मोठ्या भक्षकाकडे वळावे. तो आकाशातून येत नाही. पुष्कळदा तो पिशवीतून, दयाबुद्धीनेच आणला जातो. पर्युषणात बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन तळ्यात सोडण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. बाजारात जिवंत राहतो तो बहुधा मांगूर, कारण तो हवेतूनही श्वास घेतो. त्यातील आफ्रिकन मांगूर हा अत्यंत खादाड मांसभक्षक आहे. तळ्यातील लहान मासे, बेडूक, अंडी यांचा तो फडशा पाडतो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. पावसाळ्यात तळे भरून वाहिले की तो ओढ्यात शिरतो, ओल्या जमिनीवरून सरपटतही जातो, आणि मग वलगणीच्या देशी माशांवर संकट येते. एका माशाला अभय देताना शेकडोंचा घात होतो. शिवाय विकत घेणारा आहे म्हटल्यावर विक्रेता दुसऱ्या दिवशी आणखी मासे आणतो.

एकदा असा मासा तळ्यात आला की श्रावकाची कोंडी होते. नदीत सोडावा तर नदीचा नाश. मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावे तर त्या माशाचा नाश. तरीही कळवणे भाग आहे, कारण गप्प राहिल्याने होणारी हिंसा कितीतरी मोठी असते. तो तळ्यात येऊच नये, एवढेच श्रावकाच्या हाती निर्वेधपणे असते.

जीवदयेचा खर्च कोठे करावा, याचे उत्तर फार दूर नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या वाडा तालुक्यात, वैतरणेच्या काठी तिळसे येथे महादेवाचे मंदिर आहे. तेथील डोहातील मासे देवाचे म्हणून कोणी धरत नाही. महाड तालुक्यातील वाळणकोंडीतही वरदायिनी देवीच्या श्रद्धेने मासे राखले गेले आहेत. या दोन्ही ठिकाणी कोणी मासे विकत आणून सोडले नाहीत आणि पक्ष्यांना हुसकावलेही नाही. डोह तेवढा अभंग ठेवला. जीवदयेच्या निधीतून गावच्या एखाद्या डोहाकाठी झाडे लावता येतील, वैशाखात त्याचे पाणी शेवटपर्यंत उपसले जाऊ नये म्हणून जवळ दुसरी सोय करून देता येईल. आणि ज्यांच्या अंगणात तळे आहे त्यांनी मृगापूर्वी सांडव्याला जाळी बसवावी; पहिल्या पावसात ती पाल्याने तुंबते, म्हणून आठवडाभर रोज सकाळी हाताने साफ करावी.