एकच भिंग निवडतांना

छायाचित्रणाचा नाद लागलेल्या माणसानें एकदां रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा घेतला, कीं त्याच्यापुढें लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, तो भिंगाचा. कॅमेरा एक असतो. त्याला लावण्याचीं भिंगें मात्र अनेक मिळतात. दुकानदार तीन-चार भिंगें पुढें मांडतो, प्रत्येकाचे गुण सांगतो, आणि घेणाऱ्याला वाटूं लागतें, कीं यांतलें एक जरी राहिलें तरी आपलें कांहीं तरी कायमचें हुकणार. चांगल्या भिंगाची किंमत कित्येकदां कॅमेऱ्याच्या किंमतीच्या घरांत जाते. तेव्हां प्रश्न हौसेचा असला तरी तो घरखर्चाच्या वहीपर्यंत पोंचणारा आहे. ज्याला एकच भिंग घ्यावयाचें आहे, त्यानें तें कोणत्या हिशेबानें घ्यावें, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

प्रथम या कॅमेऱ्याची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. ज्या कॅमेऱ्यांत आरसा असतो, त्यांत पाहणाऱ्याचा डोळा भिंगांतूनच बाहेर पाहतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत तसें नाहीं. याच्या दर्शनी भागावर एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. त्यांतून एकाच वस्तूचीं दोन प्रतिबिंबें डोळ्याला दिसतात. भिंगावरची कडी फिरवितां फिरवितां तीं एकमेकांवर तंतोतंत बसलीं, कीं अंतर जुळलें असें समजावयाचें. जमीन मोजणारा पायाच्या रेषेवरून व कोनावरून दूरच्या झाडाचें अंतर काढतो, तीच ही युक्ति. जर्मनींतील वेट्सलार येथें अर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक यांनीं घडविलेला लायका कॅमेरा १९२५ सालीं लाइप्झिगच्या व्यापारी जत्रेंत लोकांपुढें आला, तेव्हां त्यांत ही सोय नव्हती. भिंगाशीं जोडलेला अंतरमापक त्यांत १९३२ सालीं आला. पुढें १९५४ सालच्या एम-३ या कॅमेऱ्यांत अंतर जुळविणें व दृश्य पाहणें हीं दोन्ही कामें एकाच खिडकींतून होऊं लागलीं, आणि चित्राची मर्यादा दाखविणाऱ्या प्रकाशरेषाही तिच्यांतच उमटूं लागल्या.

या घडणीचा परिणाम असा, कीं भिंग बदललें तरी खिडकींतलें दृश्य आहे तेवढेंच राहतें; लहानमोठी होते ती केवळ प्रकाशरेषांची चौकट. भिंगाची ओळख त्याच्या नाभ्यंतरानें होते. दूरचें दृश्य स्पष्ट उमटतें त्या वेळीं भिंग व फिल्म यांच्यामध्यें स्थूलमानानें जें अंतर असतें, तें नाभ्यंतर. ९० मिलिमीटरचें, म्हणजे दूरचें जवळ आणणारें भिंग लावलें, तर चौकट मधोमध आक्रसते. २८ मिलिमीटरचें, म्हणजे विस्तृत पाहणारें भिंग लावलें, तर ती खिडकीच्या कडांना जाऊन भिडते, आणि चष्मा लावणाऱ्याला चारी कोपरे एकदम दिसणें कठीण होतें. १३५ मिलिमीटरच्या पलीकडे तर अंतरमापकाची अचूकताच पुरी पडत नाहीं. तेव्हां या कॅमेऱ्याचें खरें राज्य मध्यम नाभ्यंतरांचें आहे, आणि एकच भिंग घेणाऱ्याचा प्रश्न बहुधा दोहोंवर येऊन ठेपतो : ३५ कीं ५० ?

येथें शाळेंतलें त्रैराशिक उपयोगी पडतें. फिल्मवरील चित्र ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असतें. २००९ सालच्या एम-९ पासूनच्या डिजिटल लायका कॅमेऱ्यांतही हेंच माप आहे. वस्तूच्या अंतराला ३६ नें गुणून नाभ्यंतरानें भागलें, म्हणजे चित्रांत किती रुंदी मावेल तें निघतें. ३५ मिलिमीटरच्या भिंगांत जितकें अंतर, जवळजवळ तितकीच रुंदी. ५० च्या भिंगांत रुंदी अंतराच्या पाऊणपटीहून किंचित् कमी. ९० च्या भिंगांत दोन-पंचमांश. एवढीं तीन प्रमाणें ज्याच्या ध्यानांत राहिलीं, त्याला दुकानदाराच्या वर्णनाची फारशी गरज उरत नाहीं.

उदाहरणार्थ, दहा फूट लांबीच्या खोलींत चित्र घेणारा भिंतीला पाठ लावून उभा आहे आणि समोर आठ फुटांवर घरची मंडळी बसली आहेत. ३५ च्या भिंगांत सव्वाआठ फूट रुंदी मावते. आजोबांपासून मांडीवरच्या नातवापर्यंत सर्व त्यांत येतात. ५० च्या भिंगांत पावणेसहा फूटच मावते. कडेचीं माणसें बाहेर राहतात, आणि मागें सरकावें तर भिंत आड येते. उलट एकट्या आजीचा खांद्यापर्यंतचा चेहरा उभ्या चौकटींत भरून घ्यावयाचा, तर ५० चें भिंग सुमारें तीन फुटांवर उभें राहूं देतें. ३५ चें भिंग दोन फुटांपर्यंत पुढें ओढतें. इतक्या जवळून नाक मोठें व कान लहान दिसतात. हा दोष लोक भिंगाला लावतात, पण तो अंतराचा आहे; दोन फुटांवरून कोणत्याही भिंगानें चेहरा तसाच दिसेल. शिवाय या जातीचीं जुनीं भिंगें बहुधा एक मीटर, म्हणजे सव्वातीन फूट, यापेक्षां जवळचें स्पष्ट दाखवीत नाहींत, आणि नवीं बरींचशीं सत्तर सेंटिमीटरपर्यंत येतात. म्हणून ज्याला मुख्यतः घरांतला मेळावा, अरुंद बोळ आणि गर्दी टिपावयाची आहे त्यानें ३५ कडे वळावें. ज्याचें मन चेहऱ्यांत रमतें त्यानें ५० कडे.

भिंगाच्या छिद्राचाही विचार हवा. छिद्राचा अंक जितका लहान, तितका प्रकाश अधिक. लायकाच्या आरंभींच्या काळांत माक्स बेरेक यांनीं रचलेलें ५० मिलिमीटरचें एल्मार भिंग एफ/३.५ चें होतें. एफ/२ चें भिंग त्याच्या तिप्पट प्रकाश आंत घेतें. एफ/१.४ चें भिंग एफ/२ च्या दुप्पट घेतें खरें. पण त्याची किंमत व वजन बरेंच वाढतें, आणि त्याची जाड नळी कित्येकदां खिडकीचा कोपरा अडविते. घरांतल्या दिव्याच्या उजेडाला एफ/२ बहुधा पुरें पडतें. पैसे वांचवावयाचे असतील तर ते येथें वांचवावे.

आतां मोठ्यांचा आचार पाहावा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांनीं १९३२ च्या सुमारास लायका हातीं घेतला आणि पुढील आयुष्यांतलें बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या भिंगानें केलें. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रांड (१९२८–१९८४) न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लायका घेऊनच हिंडत, पण माणसांच्या अगदीं निकट जाऊन २८ मिलिमीटरच्या भिंगानें गर्दीची गर्दी टिपीत. दोघांचा कॅमेरा एका जातीचा, भिंगें मात्र निराळीं. याचें कारण प्रत्येकाचें माणसांपासून उभें राहण्याचें अंतर निराळें होतें. भिंग त्या अंतरामागून आलें.

कार्तिए-ब्रेसाँ १९४७ सालीं हिंदुस्थानांत आले. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत त्यांनीं महात्मा गांधींची भेट घेतली आणि आपल्या चित्रांच्या प्रदर्शनाची पुस्तिका त्यांना दाखविली. त्यानंतर थोड्याच वेळानें गांधीजींची हत्या झाली. बातमी कळतांच ते बिर्ला भवनाकडे परतले. फाटकापाशीं दिव्याच्या अपुऱ्या उजेडांत पंडित नेहरू जमावाला मृत्यूची वार्ता सांगत होते; तें चित्र त्यांनीं घेतलें. त्यांतल्या रेषा अस्पष्ट आहेत, दिव्याची प्रभा चित्रावर पसरली आहे. तरी त्या रात्रीचें दुःख त्यांत जसेंच्या तसें राहिलें आहे. अशा घटकेला पिशवी उघडून हें भिंग घ्यावें कीं तें, असा विचार करण्यास कोणालाही अवसर नसतो. हात आणि डोळा यांचें जें आधींच जुळलेलें असेल, तेंच कामीं येतें. सामान्य गृहस्थाच्या घरींही असे क्षण येतात, मात्र त्यांची वार्ता जगाला लागत नाहीं. मुलगी सासरीं निघतांना वडिलांच्या तोंडावर जें उमटतें तें दुसऱ्यांदां उमटत नाहीं, आणि त्या वेळीं भिंग बदलीत बसलेल्याच्या हातीं तें लागत नाहीं.

एका भिंगाचा आणखी एक गुण आहे. दूरचें जवळ आणणारें साधन हाताशीं नसलें, म्हणजे माणसाला पायांनीं जवळ जावें लागतें. जवळ जावयाचें, तर समोरच्याला आपण दिसतों. त्याच्याशीं दोन शब्द बोलावे लागतात, त्याला नको असेल तर मागें फिरावें लागतें. दुरून, नकळत, चोरट्या दृष्टीनें कोणाचा चेहरा टिपण्यापेक्षां ही रीति अधिक सभ्य आहे, आणि तिच्यांतून उतरलेलीं चित्रेंही बहुधा अधिक खरीं असतात.

तरीही निवड ठरत नसेल, तर पैसे देण्यापूर्वीं एक सोपा प्रयोग करावा. जाड पुठ्ठ्यांत ७२ मिलिमीटर रुंद व ४८ मिलिमीटर उंच असें भोंक कापावें. एक डोळा मिटून पुठ्ठा दुसऱ्या डोळ्यापासून दहा सेंटिमीटरांवर धरला, म्हणजे ५० च्या भिंगाचें दृश्य दिसतें. सात सेंटिमीटरांवर धरला, म्हणजे ३५ चें. अंतर चुकूं नये म्हणून पुठ्ठ्याला दोन गांठी मारलेला दोरा बांधावा. हा पुठ्ठा आठ दिवस खिशांत बाळगावा, आणि ज्या खोल्यांत, ज्या रस्त्यांवर, ज्या माणसांचीं चित्रें खरोखर घ्यावयाचीं आहेत, तेथें तो डोळ्यापुढें धरून पाहावा. नेहमींच्या जागीं उभें असतां ज्या अंतरावर अधिक वेळां समाधान होईल, तें आपलें भिंग. आठ दिवसांनींही पारडें समतोल राहिलें, तर ५० मिलिमीटरचें एफ/२ भिंग घ्यावें. तें बहुधा त्याच तोडीच्या ३५ पेक्षां स्वस्त पडतें, आणि त्याची चौकट चष्म्यांतूनही सहज दिसते.

भिंग घेतल्यावर मात्र एक वर्ष दुसऱ्याचें नांव काढूं नये. पहिले कांहीं महिने चौकटीबाहेर राहिलेल्याची हळहळ वाटेल. पुढें पुढें कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वींच काय मावेल आणि काय मावणार नाहीं हें कळूं लागतें, आणि पाऊल आपोआप योग्य जागीं पडतें. वर्ष संपल्यावरही दुसरें भिंग हवेंसें वाटलें, तर तें खुशाल घ्यावें. त्या वेळीं तें कशासाठीं हवें, हें घेणाऱ्याला नेमकें सांगतां येईल.