कुशीतली झोप, पण जपून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सातारा जिल्ह्यात मी चौतीस वर्षं आरोग्य खात्यात नोकरी केली. आधी उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून, पुढं आरोग्य सहाय्यिका म्हणून. २०१८ साली निवृत्त झाले. या काळात किती बाळंतपणं पाहिली, याचा हिशेब मी ठेवला नाही. पण एका घरातली एक सकाळ मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. आज बोलायचं आहे ते बाळाला कुशीत घेऊन झोपण्याविषयी. आणि ते त्या सकाळपासूनच सुरू करावं लागेल.

१९८५ सालचा जानेवारी. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याचं गाव, कडाक्याची थंडी. सकाळी सकाळी निरोप आला म्हणून गेले. दोन महिन्यांचं बाळ, जन्माच्या वेळी दोन किलोही भरलं नव्हतं. रात्री आईजवळ निजलेलं, पहाटे गार लागलं. एकच खोली, त्यातच चूल. आई, बाप, थोरली मुलगी आणि हे बाळ, सगळे एकाच जाड वाकळेखाली. बापाला विडीचं व्यसन. बाळाची आई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. भोवती दहा-बारा बायका. आणि त्या सगळ्यांसमोर मी तिला विचारलं, "झोपेत अंगाखाली आलं का गं?"

मला वाटलं, मी माझं काम करते आहे. पण गावानं तो प्रश्न म्हणून ऐकलाच नाही, निकाल म्हणून ऐकला. नर्सबाईच म्हणाल्या म्हटल्यावर मग काय! पाणवठ्यावर, शेतात, सासरी, माहेरी, सगळीकडं तेच बोलणं.

दोन वर्षांनी तिला दुसरं बाळ झालं. बाळंतिणीला भेटायला म्हणून मी गेले, तर सकाळी दहा वाजता ही बाई भिंतीला टेकून बसलेली, बाळ मांडीवर, आणि तिची मान पुढं कलंडलेली. गाढ झोपेत होती. पदराआड बाळाचं नाक तिच्या अंगात रुतलं होतं. मी बाळ उचललं तशी ती दचकून जागी झाली. म्हणाली, "बाई, आता म्या रातीची आडवीच हुत न्हाय. बसूनच घेते त्याला."

वीस दिवस ती रात्रीची आडवी झाली नव्हती. माझ्या एका वाक्याच्या धाकानं ती बाळाला जपायला म्हणून जे करत होती, ते जास्त धोक्याचं होतं. त्या दिवशी मी तिथंच बसले. वाकळ चौपदरी घालून तिचं अंथरूण केलं. नवऱ्याचं आणि थोरल्या मुलीचं अंथरूण पलीकडं घातलं. विडी घराबाहेर असं नवऱ्याला बजावलं. बाळाला वेगळं दुपटं दिलं आणि तिला म्हटलं, "आता नीज." ते बाळ वाढलं, मोठं झालं.

तेव्हा मी जे केलं ते अंदाजानं. त्यामागचं शास्त्र मला पुढं हळूहळू कळत गेलं.

लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं आणि मान कच्ची. नाकावर काही आलं तर मोठा माणूस झोपेतही मान वळवतो, हातानं दूर सारतो. दोन महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही. तोंड कापडात रुतलं की सोडलेलाच श्वास ते परत घेत राहतं, आणि जागं होण्याची शक्तीही अजून पुरती आलेली नसते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, अडीच किलोच्या आतल्या, किंवा पोटात असताना आणि नंतर तंबाखूचा धूर सोसलेल्या बाळात ती शक्ती आणखी कमी असते. शिवाय काही बाळं कसलंही कारण न सापडता झोपेत दगावतात. हा धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त असतो आणि सहा महिन्यांनंतर बराच ओसरतो.

आता उताणं आणि पालथं निजवण्याची गोष्ट. पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षं डॉक्टरच सांगत होते की बाळाला पालथं निजवा. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या पुस्तकातही तोच सल्ला होता. पुढं लक्षात आलं की झोपेत दगावलेल्या बाळांत पालथी निजवलेली फार आहेत. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली 'बाळाला उताणं निजवा' अशी मोहीम निघाली, आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त निजवण्याची पद्धत बदलली!

उताणं निजवलं तर दूध उलटून घशात अडकेल, अशी भीती आपल्याकडच्या आज्यांना वाटते. पण बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. उलटून आलेलं दूध वर चढून श्वासनलिकेत जायला अवघड. म्हणून रात्री असो की दुपारची डुलकी, बाळ उताणंच निजवावं. कुशीवर निजवलेलं बाळ सहज पालथं होतं, म्हणून तेही नको.

मागच्या वर्षी माझ्या मुलीला मुलगी झाली. ती पुण्याला असते. दवाखान्यातून सांगितलं होतं, बाळाला पलंगावर अजिबात घेऊ नका. तिच्या सासूबाईंचं म्हणणं, "तान्ह्या लेकराला आईपासून दूर ठेवायचं म्हणजे काय!" मुलीनं मला विचारलं, "आई, खरं कुणाचं?"

मी तिला म्हटलं, दोघांचंही ऐकून घे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली पुन्हा सांगितलं आहे की निदान सहा महिने बाळ आईबापांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगालगत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर असावं. सर्वांत सुरक्षित जागा तीच. आईपासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवा असं तेही म्हणत नाहीत. दुसरीकडं अंगावर पाजणाऱ्या आया आणि बाळं यांचा प्रयोगशाळेत रात्र रात्र अभ्यास करणारे जेम्स मॅकेना यांच्यासारखे मानववंशशास्त्रज्ञ सांगतात की पाजणारी आई आपसूक बाळाकडं तोंड करून, गुडघे मुडपून निजते आणि बाळाच्या भोवती तिच्या अंगाचंच कुंपण होतं. अंगावर पाजणाऱ्या आईला, इतर धोके नसतील तर, बाळ कुशीत घेऊ नकोस असं सरसकट सांगू नये, असं स्तनपानाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनंही २०२० साली म्हटलं आहे.

आणि खरं सांगायचं, तर रात्री तीन वाजता पाजताना आईचा डोळा लागणारच. तो लागणार असं धरूनच अंथरूण घालावं. मी मुलीकडं गेले तेव्हा आम्ही दोघींनी मिळून तिची खोली लावली. काय काय केलं ते सांगते.

पलंगाशेजारी सपाट, घट्ट गादीचा पाळणा ठेवला. बाळाची रोजची जागा ती. मग पलंग. त्यावरची फोमची मऊ, खोल गादी काढून घट्ट गादी घातली. हात दाबला तर खळगा राहतो अशा गादीवर बाळ कलंडतं आणि नाक रुततं. बाळ पडू नये म्हणून पलंग भिंतीला सरकवला होता. तो उलट सापळा! गादी आणि भिंत यांच्यातल्या फटीत बाळ घसरलं तर त्याला बाहेर येता येत नाही. भोवती उशांचं कुंपण केलं होतं, तेही काढलं. डोकं गोल व्हावं म्हणून आणलेली राईची उशीही कपाटात गेली. पहिलं वर्षभर बाळाला कसलीच उशी लागत नाही.

रात्री पाजायला घेतल्यावर बाळ आईच्या कडेला, तिच्या छातीच्या पातळीला, उशीपासून खाली. आई आणि बाबा यांच्या मध्ये नको. बाबांना बाळाची तेवढी जाग नसते. भावंडंही त्या अंथरुणात नकोत. आईचं पांघरूण तिच्या कमरेपर्यंत, बाळाला अंगभर सुती कपडे. एकाच रजईत दोघं नकोत. बाळाच्या मानेला हात लावून बघावं. घाम असेल तर कपडे जास्त झालेत. नवजात, कमी वजनाच्या बाळाला डॉक्टर सांगतील तितके दिवस टोपडं लागतं, पण एरवी घरात झोपताना ते काढावं. घसरून नाकावर येतं. गळ्यातला काळा दोरा, ताईतही काढावा. आईनंही मंगळसूत्र काढून ठेवावं आणि केस बांधावेत.

खेड्यातल्या मैत्रिणी विचारतील, आम्ही जमिनीवरच निजतो, आमचं काय? पडण्याची भीती नाही हे चांगलंच. पण आपल्याकडं मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्यांना चावते. विंचवाचीही भीती. म्हणून मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चहूकडून गादीखाली नीट खोचा. लुगड्याच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. झोळी तुम्ही जाग्या असताना, डोळ्यांसमोर ठीक. रात्रीची नको.

काही घरांत मात्र बाळाला अंथरुणात घेऊच नये. बाळ दिवस भरण्याआधीचं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, आईबापांपैकी कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, मग ती घराबाहेर का ओढेना, कुणी दारू घेतली असेल, किंवा झोप आणणारं औषध चालू असेल, तर बाळ शेजारी, हाताच्या अंतरावर, पण वेगळं. वरचं दूध पिणाऱ्या बाळालाही वेगळी जागाच बरी. लहानग्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत, जिला आपण कांगारू पद्धत म्हणतो, ती फार गुणाची आहे. पण ती डॉक्टर सांगतील तशीच.

आणि सर्वांत मोठा धोका सोफ्याचा, आरामखुर्चीचा. बाळाला घेऊन तिथं डोळा लागला तर ते कुशीत आणि पाठीच्या फटीत सरकतं. दमलेल्या आईनं सोफ्यावर पाजत बसण्यापेक्षा नीट लावलेल्या अंथरुणावर आडवं होऊन पाजावं. मघाच्या बाईची गोष्ट सांगितली ती यासाठीच.

आज मागं वळून पाहताना मला कळतं की त्या पहिल्या बाळाच्या बाबतीत कमी वजन, विडी, चुलीचा धूर, जाड वाकळ, सगळंच एकत्र आलं होतं. ते नेमकं कशानं गेलं हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही सांगता येणार नाही. तरी मी विचारून बसले.

मागच्या दिवाळीआधी ती मला बाजारात भेटली. आता आजी झाली आहे. कडेवर नातू होता. मी तिला म्हटलं, "त्या वेळी मी तुला तसं विचारायला नको होतं. माझं चुकलं." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, तुम्ही अंथरून घालून दिलं त्ये ध्यानात हाय. त्ये पयलंबी हाय." आणि नातवाला पुढं करून म्हणाली, "ह्याला उतानाच निजवतोय आमी. आशाताईंनी सांगितलंय."

श्रोतेहो, गावोगावच्या आशाताई बाळाच्या जन्मानंतर पहिल्या सहा आठवड्यांत घरी येऊन बाळ तपासतात. पुढच्या वेळी त्या आल्या की त्यांना बाळाची निजायची जागाही दाखवा. आणि कुणाच्या घरी असं दुःख घडलंच, तर त्या आईला काही विचारू नका. नुसतं जवळ जाऊन बसा.